खिंडीपासून माथ्यापर्यंत

चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल ज्या टोपोशीटवर येतं, तिचा क्रमांक ५५ पी/१२. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर माझी सिंचन खात्यातली नोकरी गेली. कालव्याची आखणी, पाटचाऱ्यांचे उतार, जुन्या तलावांच्या पाळींची दुरुस्ती, सगळं याच कागदापासून सुरू व्हायचं. आमची नजर कायम खालच्या बाजूला असे. पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं की नाही, एवढंच पाहायचं. ते ज्या टेकड्यांवरून उतरतं, त्या टेकड्या नकाशावर तपकिरी रेघांची वेटोळी होऊन पडलेल्या असत. पायथ्याच्या पहिल्या रेघेपाशी आमचं काम संपायचं.

निवृत्त झाल्यावर तोच नकाशा निवांत पाहायला लागलो, तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली. मूलच्या पश्चिमेला अंधारी नदीच्या बाजूने आणि उत्तरेला सिंदेवाहीकडे कितीतरी छोट्या टेकड्या आहेत. त्यांतल्या थोड्यांच्याच माथ्यावर उंचीचा आकडा छापलेला आहे. बाकीच्यांची उंची रेघांवरून ओळखायची. दोन रेघांमध्ये वीस मीटरचं अंतर. सगळ्यात आतली रेघ २६० ची असेल, तर माथा २६१ मीटर असू शकतो, तसाच २७९ सुद्धा. ज्या मुलखात कालव्याचा तळ सेंटिमीटरमध्ये मोजला जातो, तिथे टेकडीच्या बाबतीत अठरा मीटरचा अंदाज चालवून घेतला आहे.

याचा दोष नकाशा करणाऱ्यांना देता येत नाही. मोजणी नेहमी मोठ्यापासून सुरू होते. देशाच्या मोजणीसाठी विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषा मोजायला घेतली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे निघाला. त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तो माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवला जाई. नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याचं थडगं तिथेच आहे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात तापाने इतकं ग्रासलं, की काम सोडून हवापालटाला जावं लागलं. या लोकांनी टेकड्या निवडल्या त्या दूरचं दिसावं म्हणून. ज्या टेकडीवरून पुढचा त्रिकोण दिसत नाही, तिच्यावर चढायचं त्यांना कारण नव्हतं. आमच्या बाजूच्या बहुतेक टेकड्या अशाच राहिल्या. गडचिरोलीत सुरजागडच्या रांगेतलं गडलगट्टा ९६७ मीटर, हे शाळेच्या पुस्तकात असतं. चिमूर-नागभीडकडचा सातबहिणीचा डोंगर दुरून ओळखू येतो म्हणून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण गावामागची साठ-सत्तर मीटरची पहाडी कुठल्याच यादीत नाही.

अशा टेकड्यांची यादी कोणी करतं का, हे शोधताना मी वेल्सपर्यंत पोचलो. इंग्लंडच्या पश्चिमेला असलेल्या या लहानशा डोंगराळ देशात हौशी माणसं स्वतःच्या खर्चाने उपकरणं घेऊन टेकड्या मोजतात. तिथे २,००० फुटांच्या वर गेलेल्या उंचवट्याला पर्वत मानायची रूढी आहे. मनिद ग्रैग गोख नावाचा डोंगर कित्येक वर्षं १,९९८ फुटांचा म्हणून टेकडीत गणला गेला होता. २००८ मध्ये जॉन बर्नार्ड, ग्रॅहॅम जॅक्सन आणि मरदिन फिलिप्स या तिघांनी उपग्रहांच्या साहाय्याने तो मोजला. उंची ६०९.७५ मीटर भरली. दोन हजार फूट म्हणजे ६०९.६ मीटर. पंधरा सेंटिमीटरने तो पर्वत झाला, आणि तिथल्या सरकारी नकाशा खात्याने ते मान्य केलं. दोन वर्षांनी ग्लिडर व्हाऊर हा डोंगरही असाच हजार मीटरच्या वर गेला.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्यांची वर्गवारीची रीत. नुसती समुद्रसपाटीपासूनची उंची ते पुरेशी मानत नाहीत. टेकडी आजूबाजूच्या जमिनीतून स्वतः किती उठली आहे, हे ते पाहतात. त्यासाठी माथ्यावरून उतरून जास्त उंच जमिनीकडे जायला लागायचं, आणि कमीत कमी खाली उतरावं लागेल अशा वाटेवरची सगळ्यात खालची जागा शोधायची. ती असते खिंड. खिंडीपासून माथ्यापर्यंतचा फरक हा त्या टेकडीचा खरा उठाव. अ‍ॅलन डॉसन यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या दीडशे मीटर उठावाच्या डोंगरांची यादी छापली. पुढे हौशी लोकांनी ती अट तीस मीटरपर्यंत खाली आणली आणि हजारो लहान टेकड्या यादीत आल्या. ही रीत आमच्या मुलखाला फार जुळते. इथली जमीनच दोनशे मीटरच्या आसपास. समुद्रापासूनची उंची सांगून टेकडीबद्दल काही कळत नाही. खिंडीपासूनचा उठाव सांगितला, की तिचं रूप समोर उभं राहतं.

मी एक टेकडी निवडली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. माथा वनविभागाचा, खाली एका बाजूला धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल. पश्चिमेला थोडी जास्त उंच रांग आणि मधे खिंड. सातबाऱ्यावर खिंडीच्या जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ही नोंद जागोजाग सापडते. झाडं दाट नाहीत, शेती होत नाही, गुरं चरतात, अशा जमिनीला जुन्या महसूल दप्तराने दिलेला हा वर्ग. तिला जंगल धरायचं की नाही, यावर कित्येक वर्षं वाद चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जंगलच आहे, असा निर्णय दिला. टेकडीला कागदावर मिळालेला वर्ग हा असा तिच्यावरच्या झाडोऱ्याचा आणि मालकीचा. उंचीचा रकाना कुठल्याच दप्तरात नाही.

हा भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून. इथे मनात आलं आणि टेकडी चढलो, असं चालत नाही. वनविभागाची परवानगी घेतली. वाघावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या पथकातले दोन तरुण सोबत आले. सूर्य चांगला वर आल्याशिवाय झाडीत पाऊल टाकायचं नाही, वाकून काम करणाऱ्याजवळ एक जण उभा राहील, आणि बोलत राहायचं, हे त्यांचे नियम. मोहफुलं वेचणारे आणि तेंदूपत्ता तोडणारे लोक वाकलेले असतानाच वाघाचे हल्ले होतात, हे या गावांनी सोसलेलं आहे. लेव्हलच्या, म्हणजे पातळी मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीत डोळा घातलेला माणूसही आजूबाजूचं काही पाहत नसतो. म्हणून मी तो नियम अक्षरशः पाळला.

काम फेब्रुवारीत धरलं. सागाची पानं गळून गेलेली, बांबूच्या रांजीतून पलीकडचं दिसतं, आणि उन्हाच्या झळा अजून सुरू झालेल्या नसतात. झळा लागल्या की दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे मोजायच्या उभ्या पट्टीवरचे, आकडे थरथरतात आणि वाचन भरवशाचं राहत नाही. पावसाळ्यानंतर हवा जास्त स्वच्छ असते, पण गवत कमरेइतकं वाढलेलं असतं.

मोबाइलवर उंची दिसतेच, मग लेव्हल कशाला, असं पथकातल्या धाकट्याने पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. मोबाइलमधले बरेच नकाशे उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीवर विसंबतात. साधारण तीस मीटर चौरसाला एक आकडा. टोकदार माथा त्या चौरसात सपाट होऊन जातो. शिवाय दाट जंगलात रडारचा किरण मातीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या शेंड्यांतूनच परततो. सागवनाखालची टेकडी त्यामुळे काही मीटर जास्त उंच दिसते. उपग्रहावरून थेट उंची घेणारं चांगलं उपकरण हे काम करू शकतं, पण झाडीखाली त्यालाही आकाश पुरत नाही. फांद्यांखालच्या खिंडीत दुर्बीण आणि स्टाफ यांच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही. आमच्या खात्यात लेव्हलला अजून सगळे डम्पीच म्हणतात, यंत्र बदललं तरी.

सुरुवात केली कालव्याच्या पुलावरच्या जुन्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेपासून. ती खूण अजून भरवशाची आहे का, ते तपासायला आधी मूल मारोडा स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरच्या उंचीशी पडताळून पाहिली. रेल्वेच्या बहुतेक स्टेशनांच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. रोजच्या प्रवाशाला तिचा उपयोग नसतो, आमच्यासारख्यांना मात्र ती खुली बही आहे.

बेंचमार्कपासून खिंडीपर्यंतची वाट सोपी. पुढचा चढ मात्र वेळखाऊ. यंत्र मांडायचं, मागच्या स्टाफचं वाचन घ्यायचं, स्टाफ वर न्यायचा, पुढचं वाचन घ्यायचं, यंत्र उचलून आणखी वर. स्टाफ चार मीटरचा, त्यामुळे एका मांडणीत तीन-साडेतीन मीटरच चढता येतं. दगड सुटे, तिपाईचे पाय रोवायला जागा नाही. बदलबिंदूचा, म्हणजे यंत्र हलवताना स्टाफ ज्यावर टेकलेला असतो तो, दगड हलला, तर तिथून पुढचं सगळं वाया. म्हणून जमिनीत घट्ट रुतलेले दगडच निवडायचे आणि त्यांवर खडूने फुली करायची. पथकातला थोरला स्टाफ धरायला तयार झाला होता. त्याला तो सरळ उभा धरायची हातोटी पहिल्याच सकाळी आली. दुर्बिणीतून पाहताना स्टाफ किंचित पुढेमागे डोलवायचा आणि सगळ्यात कमी आलेलं वाचन घ्यायचं, हेही तो लवकर शिकला. “ही पहाडी मोजून का भेटन जी तुमाले, साहेब?” असं त्याने चढताना विचारलं होतं. माथ्यापर्यंत पोचेतो तो स्वतःच आधीच्या मांडणीचा फरक तोंडी सांगायला लागला.

माथ्यावर देव आहे. शेंदूर लावलेला दगड, पुढे मातीची दोन घोडी, बाजूला दगड रचून केलेला ओटा. जाण्याआधी गावच्या भूमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, विचारलं होतं. चपला खालीच काढायच्या आणि ओट्यावर यंत्र ठेवायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं. मोजणीचा नियमही तेच सांगतो. माणसाने रचलेला ओटा, वनहद्दीचा मुनारा, दगडांची रास, यांची उंची टेकडीची धरायची नसते. सर्वांत उंच नैसर्गिक जमीन शोधायची. ती ओट्याच्या वायव्येला एका उघड्या खडकावर सापडली. स्टाफ तिथे ठेवला. माथा २७१.३ मीटर आला. मग तोच चढ उतरून बेंचमार्कपर्यंत परत लेव्हल आणली. साध्या लेव्हलिंगमध्ये एका किलोमीटरच्या फेऱ्याला २४ मिलिमीटरपर्यंत तफावत चालवून घेतात. आमची संपूर्ण फेऱ्याची त्याहून कमी होती.

खरी अडचण खिंडीत होती. तिथून मुरूम काढलेला होता. कोणी काढला, कोणत्या रस्त्याला गेला, ते मी इथे लिहीत नाही. खिंडीचा बराच भाग खरवडून खाली गेला होता आणि तळाला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या. चाकोरीतून मोजलं तर खिंड २३९.७ आणि उठाव ३१.६ मीटर. म्हणजे वेल्सच्या तीस मीटरच्या यादीत ही टेकडी सहज बसली असती. पण टेकडी तर तसूभर वाढलेली नव्हती. तिच्या पायाखालची जमीन नेली होती.

खोदकाम करणाऱ्यांनी एक मोहाचं झाड सोडलं होतं. मोह तोडला तर गाव उठतं, हे त्यांना माहीत असावं. झाडाच्या बुंध्याभोवती मूळची माती तशीच उभी राहिली होती आणि कडेने मुळं उघडी पडून लोंबत होती. जुन्या खिंडीची जमीन दाखवणारी ती एकच जागा शिल्लक होती. बुंध्यापाशी स्टाफ ठेवला, दोन्ही बाजूंच्या न खोदलेल्या कडांशी ताडून पाहिला. मूळ खिंड २४१.५ मीटर. उठाव २९.८. वीस सेंटिमीटर कमी.

मी वहीत २९.८ लिहिलं. खोदलेलं आणि भरलेलं धरायचं नाही, हा नियम माथ्याला लावला तर खिंडीलाही लावायला हवा. टेकडी यादीत आली नाही याचं मला वाईट वाटलं, हे खरं. पण मुरमाच्या खाणीने दिलेला मान त्या टेकडीला नको.

वहीत आकडे मांडताना पथकातल्या थोरल्याचे आजोबा जवळ येऊन बसले होते. बकऱ्या खिंडीत चरत होत्या. मी त्यांना दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, “पयले या मोहापासून पानी तलावात जात होतं जी. आता तिकडंच निंगून जाते.” त्यांनी हाताने दाखवलं. पश्चिमेच्या रांगेवरून एक नाला खिंडीत उतरतो. मूळच्या जमिनीवर तो मोहाजवळ वळून तलावाच्या बाजूला जायचा. आता १.८ मीटर खोल चर विरुद्ध बाजूला उतरता झाला आहे. नाला त्यातूनच जंगलाच्या बाजूला, अंधारीकडे निघून जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही माथा सोडून चराचीच लेव्हल घेतली. दर दहा मीटरला एक वाचन. आजोबांचं म्हणणं आकड्यांत उतरलं. ही बाब मला माथ्याच्या उंचीहून मोठी वाटली.

या तलावांचं मूळ सांगायला हवं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन तोडून द्यायची पद्धत ठेवली होती. चंद्रपूरचा तुकूम भाग त्या जमिनींच्याच नावाने ओळखला जातो. कोहळी समाजाने या कामात पिढ्या घातल्या. दोन टेकड्यांच्या मधे नेमकी कुठे पाळ घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे त्यांनी डम्पीशिवाय, पावसाच्या पाण्याची वाट पाहून ठरवलं. आमच्या खात्यात या तलावांचं सर्वेक्षण झालं तेव्हा त्यांच्या सांडव्यांचे आणि पाटांचे उतार पाहून मी थक्क झालो होतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि माजी मालगुजारी तलाव म्हणून मामा तलाव हे नाव रूढ झालं. पुढे गाळ साचला, पाळी खचल्या, अतिक्रमणं झाली, या सगळ्याच्या बैठका झाल्या आणि निधीही आला. पण तलावाला पाणी देणारी टेकडी आणि तिची खिंड त्या कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. तलाव भरत नाही म्हणून आम्ही गाळ काढायला सांगायचो. पाणी वर खिंडीतच दुसरीकडे वळलं असेल, हे पाहायला वर चढायचं कोणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

या गावाच्या ग्रामसभेत मी लेव्हलची वही ठेवली. चराचा छेद मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला. मोहाचं झाड कुठे, जुनी जमीन कुठे, आताचा तळ कुठे, एवढंच त्यावर होतं. बायकांनी तो सगळ्यांत आधी ओळखला, कारण त्या खिंडीतून सरपण आणतात. रोजगार हमीतून चरात दगडमातीचा आडवा बांध घालून नाला मूळ बाजूला वळवायचा, असा ठराव झाला. खिंड झुडपी जंगलात असल्याने वनविभागाची मंजुरी लागते. तो प्रस्ताव गेला आहे. बांधाची उंची किती, हा प्रश्न आता कोणाला पडणार नाही. मोहाच्या बुंध्याची पातळी वहीत आहे आणि पुलावरच्या बेंचमार्कवरून ती कोणालाही पुन्हा काढता येईल.

सुरजागडच्या टेकडीवर लोखंडाची खाण सुरू आहे. ठाकूरदेवाचं ठाणं असलेल्या त्या रांगेचा आकार बदलतो आहे, ते सगळा देश पाहतो. लहान टेकड्या मात्र रस्त्यासाठी, घरकुलांच्या भरावासाठी, ट्रॉली-ट्रॉलीने जातात. आधी काय होतं याची नोंद नसल्यामुळे किती गेलं, हेही सांगता येत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय माणसाला आपल्या भागाची मोजणी करून नकाशा करायला पूर्वीसारख्या परवानग्या लागत नाहीत. जंगलात शिरायला वनविभागाची परवानगी अर्थातच लागते आणि ती लागलीच पाहिजे. साधनंही जवळच आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शासकीय तंत्रनिकेतनांत मुलं सर्व्हेइंग शिकतात आणि प्रात्यक्षिकासाठी आवारातच फेऱ्या मारतात. ती प्रात्यक्षिकं एखाद्या गावामागच्या टेकडीवर घेता येतील. लेव्हल नसेल, तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊनसुद्धा खिंडीपासून माथ्यापर्यंतचा फरक काढता येतो. वेळ जास्त लागतो, पण आकडा खरा मिळतो.

ज्यांच्या गावामागे टेकडी आणि पुढे मामा तलाव आहे, त्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्याआधी दोघा-चौघांनी मिळून, वनरक्षकाला सांगून, दिवसाउजेडी एकदा वर जा. एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याला किंवा न हलणाऱ्या खडकाला खूण करा. तिथून खिंडीची पातळी घ्या, पाणी कोणत्या बाजूला वळतं ते म्हाताऱ्यांना विचारून लिहा, आणि तो कागद तारखेसह ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा. माथा पुढच्या हिवाळ्यात मोजला तरी चालेल. खिंड यंदाच मोजा.